डिकीत पाणी येतं कुठून?

पावसाळ्यात गाडीच्या डिकीला कुबट वास येऊ लागला, की आधी कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डा बघावा. पाणी तिथेच साठतं. पण साठण्याची जागा आणि शिरण्याची जागा वेगळी असते. पत्र्याच्या आतून ओघळत ते हातभर लांबूनही आलेलं असू शकतं.

अनेकजण लगेच डिकीच्या दाराचं रबर बदलतात. ही घाई करू नये. रबरावर कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली, तर तिथली पकड सैल आहे. मात्र मागच्या दिव्यांचं गॅस्केट, छतावरच्या अँटेनाचं बूड, पत्र्यांच्या जोडावरचं तडकलेलं सीलंट आणि बंपरआड दडलेल्या हवेच्या झडपा यांच्यावरही तितकाच संशय घ्यावा.

शोधायचं असं: आतलं सगळं काढून पत्रा कोरडा करा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. मागची सीट पाडून एकाने टॉर्चने आत पाहावं, दुसऱ्याने बाहेरून पाइपची हलकी धार सोडावी. धार खालून सुरू करून सावकाश वर न्यावी. एकदम वरून ओतलं तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. पावडरीत ओघळ उमटला, की वाट सापडली.

गॅस्केट नवं बसवा. जोडावरचं जुनं सीलंट खरवडून पॉलियुरेथेनचं सीम सीलर भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. त्यातून सुटणाऱ्या अ‍ॅसिटिक आम्लाने उघडा पत्रा गंजतो. आणि कार्पेटखालचा फोम पूर्ण वाळल्याशिवाय परत घालू नका.