मेळाव्यातली रिकामी खुर्ची आणि नौसैनिकांचे कान

4 डिसेंबर हा नौदल दिन. 1971 च्या युद्धात याच तारखेच्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्याची ही आठवण. या दिवसाच्या आगेमागे एकाच जहाजावर नोकरी केलेले निवृत्त नौसैनिक स्नेहमेळाव्यासाठी एकत्र येतात. टोपणनावांनी हाका मारल्या जातात, मेसमधल्या जेवणाच्या आठवणी निघतात, वर्षभरात गेलेल्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. मग कोणीतरी विचारतो, ‘तो का नाही आला?’ व्हॉट्सअॅपच्या गटावर तर तो रोज हजर असतो. तब्येत ठीक, घरही जवळ. तरीही दोन-तीन वर्षे काही ना काही कारण सांगून तो येणे टाळतो.

अशा न येण्यामागे कधी गुडघे असतात, कधी घरची अडचण. पण एक कारण सहसा कोणी सांगत नाही, ते म्हणजे कान. मोबाइलवरचा मजकूर वाचायला कान लागत नाहीत. शंभर माणसांच्या हॉलमधल्या गप्पांना मात्र लागतात.

आज पंचाहत्तरीच्या आसपास असलेल्या या मंडळींनी तारुण्य वाफेवर चालणाऱ्या जहाजांवर घालवले. 1961 मध्ये नौदलात दाखल झालेली आणि 1997 मध्ये निवृत्त झालेली जुनी ‘विक्रांत’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. खाली बॉयलर, त्यांना हवा पुरवणारे प्रचंड पंखे, पंप आणि टर्बाइन. वर डेकवरून उडणारी ‘सी हॉक’ जेट विमाने. भोवती सगळे पोलादच, त्यामुळे आवाज मुरायला जागा नाही. व्यापारी जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही यंत्रघरातील आवाजाची कमाल मर्यादा 110 डेसिबल आहे. यावरून तिथे किती गोंगाट असतो याची कल्पना यावी.

कानाला किती आवाज सोसतो, याचे एक सर्वमान्य गणित आहे. 85 डेसिबल आवाजात दिवसाचे आठ तास काम करता येते. आवाज दर 3 डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन तास आणि 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटे. जहाजावरची एक ‘वॉच’, म्हणजे कामाची पाळी, साधारण चार तासांची. कानाला संरक्षण न घेता 100 डेसिबलच्या यंत्रघरात अशी एक पाळी काढली, तर कानावर एका दिवसाच्या सुरक्षित मर्यादेच्या 16 पट मारा होतो. अशा पाळ्या वर्षानुवर्षे चालल्या. कानात बोळे घालणे त्या काळी अनेकांना कमीपणाचे वाटे.

आपल्या अंतर्कर्णात शंखासारखा एक अवयव असतो. त्यात सुमारे 15 हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे त्या विद्युतसंदेशांत रूपांतर करतात. मोठ्या आवाजाने या पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी निकामी होतात त्या साधारण 4000 हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे उंच पट्टीतले आवाज टिपणाऱ्या पेशी. वयोमानाने येणारा बहिरेपणाही उंच पट्टीपासूनच सुरू होतो. तिशीत झालेले नुकसान म्हणूनच पन्नाशी-साठीपर्यंत झाकलेले राहते आणि नंतर दुप्पट जाणवते. अमेरिकेत माजी सैनिकांना सेवेमुळे आलेले अपंगत्व म्हणून जे विकार नोंदले जातात, त्यांत कानात गुणगुण होणे सर्वांत वर आहे आणि ऐकू कमी येणेही वरच्या क्रमांकांत आहे.

या बहिरेपणाची गंमत अशी की आवाज येतो, शब्द कळत नाही. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, थ, ख ही व्यंजने उंच पट्टीत असतात, ती गळतात. ‘सात’चे ‘हात’ होते. शांत खोलीत समोरच्या एकाशी बोलताना संदर्भाने भागून जाते, म्हणून घरचे म्हणतात, ‘यांना हवं तेवढंच ऐकू येतं.’ हॉलमध्ये चार टेबलांवरचा गलका आणि वर लाउडस्पीकर असला की भागत नाही. विनोदावर सगळे हसले की हाही हसतो, पण का ते कळलेले नसते. दोनदा ‘काय म्हणालास?’ विचारतो, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. पुढच्या वर्षी तो येत नाही.

इथे प्रश्न केवळ गप्पांचा नाही. 2024 मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे 14 धोके सांगितले. त्यांत कमी ऐकू येणे आहे आणि एकटेपणाही आहे. पहिले दुसऱ्याला ओढून आणते. 2023 मध्ये अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर तीन वर्षे केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. सर्वांचा एकत्र विचार करता श्रवणयंत्राने बुद्धीच्या ऱ्हासात ठळक फरक पडला नाही. मात्र ज्यांना ऱ्हासाचा धोका आधीच जास्त होता, त्यांच्यात त्याचा वेग 48 टक्क्यांनी कमी आढळला. श्रवणयंत्र हा स्मृतिभ्रंशावरचा रामबाण नव्हे, पण ते टाळण्यात शहाणपण नाही.

साठीनंतर, आणि यंत्रघरात किंवा तोफांजवळ काम केलेल्यांनी त्याआधीही, कानाची ऑडिओमेट्री करून घ्यावी. सुई नाही, दुखणे नाही, साधारण अर्ध्या तासाचे काम. कधी कानात नुसता मळ निघतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. यंत्र लागलेच, तर ते तपासणीच्या आलेखानुसार जुळवून घ्यावे. बाजारातले सरसकट आवाज वाढवणारे डबे गलकाही तेवढाच वाढवतात. नव्या आवाजांची मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत यंत्र कपाटात टाकू नये. माजी सैनिकांना ईसीएचएस योजनेतून कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या सल्ल्याने श्रवणयंत्र मिळू शकते. अचानक, दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासे झाले, किंवा एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागले, तर थांबू नये. अचानक आलेल्या बहिरेपणावर उपचार लवकर झाले तरच उपयोग होतो.

मेळावा भरवणाऱ्यांनाही बरेच करता येईल. जेवताना गाणी बंद ठेवावीत. लांबलचक रांगांऐवजी सहा-आठ जणांची गोल टेबले मांडावीत, तोंडावर उजेड पडेल असे बसवावे. बाजूला एक शांत खोली ठेवावी. भाषण माइकवरूनच करावे. कानाशी ओरडू नये, कारण अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सोसत नाही. समोर येऊन, सावकाश बोलावे.

आणि दोन वर्षे न आलेल्याला नुसता निरोप पाठवू नये. जवळ राहणाऱ्या एखाद्या जुन्या जोडीदाराने त्याच्या घरी जावे, समोर बसून विचारपूस करावी आणि कानाच्या तपासणीला सोबत न्यावे.