छज्ज्यातली सळई आणि चिखल्याचे मँगेनीज

स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी घरमालक सेंट्रिंगवर चढतो, बांधलेले लोखंड न्याहाळतो आणि विचारतो, "मिस्त्री, बीमची जाड सळई खाली अन् छज्ज्याची वर, असं काहून?" मिस्त्री सांगतो, "तसंच टाका लागते." भंडाऱ्यापासून लाखांदूरपर्यंत हा संवाद कुठेही ऐकू येईल. मिस्त्रीचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. कारण मात्र सहसा कुणी सांगत नाही.

खडू उभा धरून दाबा, तो बराच दाब सोसतो. तोच आडवा धरून वाकवा, लगेच तुटतो. काँक्रीटचा स्वभाव नेमका असाच. दाब सोसण्यात ते पटाईत, पण ताण सोसण्याची ताकद दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी. कॉलमवर मुख्यतः दाब येतो, म्हणून तिथे काँक्रीट खुशीत असते. बीमचे तसे नाही. स्लॅबचे वजन आले की बीम मध्यभागी किंचित खाली वाकतो. त्याची वरची बाजू दाबली जाते आणि पोटाकडची ताणली जाते. भेग पडलीच तर पोटाकडून पडणार, म्हणून जाड सळया पोटाशी. छज्जा एका टोकाने घराला बांधलेला, दुसरे टोक मोकळे. तो पुढे झुकू पाहतो तेव्हा ताण येतो वरच्या अंगाला, म्हणून सळई वर. सलग बीम कॉलमवरून पुढे जातो तिथेही हीच उलटापालट होते आणि वरून जादा सळया घालाव्या लागतात. ताण जिकडे, लोखंड तिकडे. एवढे कळले की घराचा अर्धा नकाशा कळला.

आपल्याकडच्या जुन्या कवेलूच्या घरांत ही अडचणच नव्हती. सागाचे लाकूड दाब आणि ताण दोन्ही सोसते, त्यामुळे खांब, आढे, वासे सगळे एकाच मालाचे. काँक्रीटला मात्र जोडीदार लागतो, आणि पोलादासारखा जोडीदार मिळणे हे मला निसर्गाचे दानच वाटते. दोघे उष्णतेने जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. तसे नसते तर मे महिन्यातल्या 45 अंशांच्या दुपारी आणि डिसेंबरच्या गारठ्यात सळई आणि काँक्रीट एकमेकांपासून सुटू लागले असते.

हल्ली भिंतीभिंतींवर 'भूकंपरोधक सळई'च्या जाहिराती रंगवलेल्या असतात. नुसती सळई भूकंपरोधक नसते. आराखडा, सांधे, रिंगा, काँक्रीट सगळे चोख असेल तर इमारत टिकते. मात्र सळईने तुटण्याआधी वाकावे, ताणावे हा गुण खरोखर लाखमोलाचा आहे. त्यामागे पोलादातल्या मँगेनीजचा मोठा हात आहे, आणि ते जाहिरातीत कधी दिसत नाही.

मँगेनीजची ही गोष्ट जुनी आहे. 1856 च्या ऑगस्टमध्ये हेन्री बेसेमरने इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम इथे जाहीर केले की, वितळलेल्या कच्च्या लोखंडातून हवा फुंकली की झटपट, स्वस्तात पोलाद होते. कारखानदारांनी पैसे मोजून परवाने घेतले, आणि हाती आले ठिसूळ लोखंड. एक कारण होते फॉस्फरस. त्यावर कमी फॉस्फरसचे खनिज हा उपाय होता. दुसरे कारण होते हवेतून लोखंडात शिरलेला ऑक्सिजन आणि आधीपासून असलेले गंधक. लोहाचे सल्फाइड लवकर वितळते आणि कणांच्या सीमांवर पसरते. मग तापलेले पोलाद लाटायला घेतले की चिरते.

ग्लॉस्टरशायरमधल्या कोलफर्डच्या रॉबर्ट मुशेटने उपाय काढला. हवा फुंकून झाली की त्यात मँगेनीजयुक्त लोखंड घालायचे. मँगेनीज ऑक्सिजन ओढून घेते आणि गंधकाला स्वतःशी बांधते. त्याच्या पोलादाचा रूळ 1857 मध्ये डर्बी स्थानकात बसवला. तिथे लोखंडी रूळ सहा महिन्यांत, कधी तीन महिन्यांतच बदलावे लागत. रोज सुमारे 700 गाड्या जाऊनही तो सहा वर्षांनी धडधाकट होता. पण 50 पौंडांचे मुद्रांक शुल्क न भरल्यामुळे मुशेटचे पेटंट 1859 मध्ये रद्द झाले. 1866 मध्ये त्याची 16 वर्षांची मुलगी मेरी एकटी लंडनला गेली आणि तिने बेसेमरसमोर वडिलांची कैफियत मांडली. बेसेमरने वर्षाला 300 पौंड देऊ केले. पाठ्यपुस्तकात आजही नाव येते ते एकट्या बेसेमरचे. माझ्या मते त्या पद्धतीला दोघांचे नाव हवे होते.

हेच मँगेनीज तुमसर तालुक्यात निघते. डोंगरी बुजुर्गला उघडी खाण आहे, चिखल्याला भूमिगत. या पट्ट्यातले मँगेनीज काढणाऱ्या 'मॉइल' कंपनीची सुरुवात 1896 च्या सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून झाली आणि 1962 मध्ये तिला आजचे रूप मिळाले. डोंगरीचे काही खनिज विजेऱ्यांच्या सेलसाठीही जाते. एरवी या खनिजाची वाट पोलादाच्या भट्टीकडे. सळईत मँगेनीज असते साधारण अर्धा ते दीड टक्का, पण तेवढ्यानेच ती कणखर होते.

ती कणखर सळई चुकीच्या जागी पडली तर मात्र व्यर्थ. स्लॅब टाकताना घमेली घेतलेली माणसे छज्ज्याच्या जाळीवरून ये-जा करतात, सळया खाली दबतात आणि वरून काँक्रीट पडल्यावर काहीच दिसत नाही. 4 इंच जाडीच्या छज्ज्यात सळई जागेवरून दीड इंच दबली तरी त्याची ताकद निम्म्यावर येते. तेव्हा तुमच्या घराचा स्लॅब पडेल त्या दिवशी नारळ फोडून निघून जाऊ नका. छज्ज्याच्या सळयांखाली चेअर, म्हणजे त्यांना वर उचलून धरणारे आधार, आहेत का ते पाहा, माणसांना चालायला फळ्या टाकायला सांगा, आणि छज्ज्याचे काँक्रीट पडेपर्यंत तिथेच उभे राहा.