वल्हे, यंत्र आणि स्वयंचलन : लहान होडीवाल्यांपुढील प्रश्न

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील खर्डी हे शहापूर तालुक्यातील गाव धरणांच्या प्रदेशात वसलेले आहे. १८९२ मध्ये पूर्ण झालेला तानसा तलाव याच तालुक्यात आहे, आणि भातसा व चोरणा या नद्यांवर उभारलेला भातसा प्रकल्पही येथलाच. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांची एकत्रित उपयुक्त साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर असून, तीपैकी सुमारे ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मी, एकट्या भातसा जलाशयाची आहे.

धरणे झाली तेव्हा खोऱ्यांतील जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. अशा जलाशयांच्या काठच्या पाड्यांना पैलतीर समोर दिसत असले, तरी रस्त्याने जाताना मोठा वळसा पडतो. तेथे होडी हे वाहन ठरते आणि मासेमारीचे साधनही. ती वल्हविणाऱ्याचे काम यंत्र करू लागले, तर त्याच्या उपजीविकेचे काय होईल, हा प्रश्न आज दूरचा वाटला तरी विचार करण्याजोगा आहे.

स्वयंचलनाच्या चार पायऱ्या

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने स्वयंचलित जहाजांसंबंधीच्या नियमांचा जो आढावा २०२१ मध्ये पूर्ण केला, त्यात स्वयंचलनाच्या चार पायऱ्या मानल्या आहेत. पहिल्या पायरीवर यंत्र मार्गदर्शन करते, पण कर्मचारी जहाजावरच असतात. दुसरीत जहाज दुरून चालविले जाते, तरी कर्मचारी जहाजावर असतात. तिसरीत ते नसतात. चौथ्या पायरीवर निर्णयही यंत्रच घेते.

ही केवळ कल्पना राहिलेली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये फिनलंडमधील ‘फाल्को’ या वाहतूक नौकेने एक फेरी स्वयंचलित पद्धतीने पूर्ण केली. परतीची फेरी सुमारे ५० किलोमीटर अंतरावरील केंद्रातून चालविण्यात आली. नॉर्वेतील ट्रॉन्धाइम शहरात २०२२ मध्ये केवळ बारा उतारूंची एक लहान विजेरी नौका कालव्याच्या दोन काठांदरम्यान प्रायोगिक तत्त्वावर धावली. आपल्याकडील तरीचेच काम ती करीत होती. भारतात कोची येथे २०२३ मध्ये विजेवर चालणाऱ्या नौकांची ‘जल मेट्रो’ सेवा सुरू झाली. तेथे मात्र नौका चालविण्यास प्रशिक्षित कर्मचारी आहेत.

यंत्राला काय जमते, काय जमत नाही?

ठरलेला मार्ग, कायमचा धक्का आणि दोन्ही काठांना वीज असेल, तर सुकाणू सांभाळण्याचे काम यंत्र चोख करू शकते. डोंगराळ भागातील जलाशयाची स्थिती वेगळी आहे. आषाढ-श्रावणात काठोकाठ भरलेले पाणी वैशाखापर्यंत कितीतरी खाली उतरते. होडी लावण्याची जागा त्याबरोबर सरकत राहते. बुडालेल्या झाडांचे खुंट पाणी ओसरताना वर डोकावू लागतात. पावसाळी वाऱ्याचा झोत दरीतून अचानक येतो. हे सारे होडीवाल्याला अनुभवाने ठाऊक असते.

त्याचे काम वल्हविण्यापुरते नसतेही. किती माणसे घ्यावीत, ओझे कोठे ठेवावे, वारा वाढल्यास फेरी रद्द करावी काय, हे तोच ठरवितो. संकटात त्याचाच हात पुढे येतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात प्रवासी बोटीस वेगवान नौकेची धडक बसून १५ जणांचा मृत्यू झाला. नव्वदीहून अधिक जण वाचले, त्यात जवळपासच्या बोटींनी केलेल्या धावपळीचा मोठा वाटा होता.

म्हणून लहान होडीवाल्याचे काम एका दिवसात नाहीसे होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. खरा धोका वेगळा आहे. जेथे वर्दळ व पर्यटन वाढेल तेथे प्रथम विजेरी नौका आणि पुढे दूरनियंत्रण येईल. त्यांची किंमत एकट्या होडीवाल्याला परवडणारी नसते. भांडवल व परवाना ज्याच्या हाती, त्याच्याकडे धंदा जाईल आणि पाणी जाणणारा माणूस काठावर राहील.

किनाऱ्याचा अनुभव

कोकण किनाऱ्याने असा बदल पूर्वी पाहिला आहे. स्वातंत्र्यानंतर शीड आणि वल्हे यांची जागा हळूहळू डिझेल यंत्राने घेतली. तांडेलाचे जाणतेपण कायम राहिले. मात्र ज्यांना कर्ज मिळाले ते नौकामालक झाले आणि इतर अनेकजण खलाशी म्हणून राबू लागले. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी कर्ज, डिझेल व विक्री यांची सोय केली, तेथे लहान माणसाला या बदलात टिकून राहण्यास आधार मिळाला. अलीकडे, ३० ऑगस्ट २०२४ रोजी, पालघर येथे मासेमारी नौकांसाठी उपग्रहाधारित संपर्क यंत्रणेचा देशव्यापी प्रारंभ झाला. या योजनेत एक लाख नौकांवर ही यंत्रणा बसवावयाची आहे. येथे यंत्र माणसाला दूर सारत नाही, तर त्याची सुरक्षितता वाढविते.

गावाने काय करावे?

२०२१ च्या अंतर्देशीय नौका अधिनियमात यंत्राविना चालणाऱ्या नौकांच्या नोंदणीचे काम जिल्हा, तालुका व ग्राम पातळीवरील स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची तरतूद आहे. ज्याची नोंद नाही, त्याला कर्ज, विमा वा प्रशिक्षण मिळणे कठीण. म्हणून पहिले पाऊल म्हणजे आपल्या हद्दीतील होड्या व होडीवाल्यांची यादी करणे. त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, तर उद्याची विजेरी नौका सर्वांच्या मालकीची होऊ शकेल. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात तेलाचा तवंग न सोडणारी अशी नौका अधिक इष्टही आहे. अर्थात, जलाशयाची व्यवस्था पाहणाऱ्या यंत्रणेची अनुमती तेथे आवश्यक राहील. जीवरक्षक जाकिटे आणि उतारूंची मर्यादा यांना तर कोणत्याही यंत्राची वाट पाहावी लागत नाही.

शिक्षकांचेही येथे काम आहे. होडीवाल्याच्या मुलाला बॅटरी, मोटार व दिशादर्शक उपकरण यांची ओळख शाळेतच झाली, तर नव्या नौकेची देखभाल करण्यास बाहेरचा माणूस आणावा लागणार नाही. वडिलांकडून मिळालेली पाण्याची जाण आणि शाळेत मिळालेली यंत्राची जाण ज्याच्याजवळ असेल, त्याच्या हातचे काम सहसा जाणार नाही.