लहान मोटार घर ओढील काय?

मार्गशीर्षांत दत्तजयंतीस तापीकांठच्या आमच्या सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तेथील घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. यंदा पुण्याच्या पुतण्यानें कळविलें, "काका, नवी लहान एसयूव्ही घेतली आहे. मागें कॅम्पर, म्हणजे चाकांवरचें घर, जोडून आईस व मुलांस घेऊन येतों." आमच्या वहिनींनीं सत्तरी ओलांडली आहे, त्यांची सोय व्हावी हा त्याचा हेतु स्तुत्यच. तरी आम्हीं त्यास तूर्त थांबविलें. कारणें इतर कुटुंबांसही उपयोगी पडतील म्हणून येथें देत आहों.

प्रथम मोटारीचा विचार. २००६ सालच्या अर्थसंकल्पांत चार मीटरांपर्यंत लांबीच्या व लहान एंजिनाच्या मोटारींवरील शुल्क उतरलें, आणि करांतील हा भेद पुढेंही टिकला. आजच्या बहुतेक लहान एसयूव्हींचें माप त्या सवलतीवरून ठरलें आहे. ओझें ओढण्याच्या शक्तीवरून नव्हे. रूप उंचापुरें असलें तरी पेट्रोलचें एंजिन बहुधा १२०० घनसेंटिमीटरांच्या आंतलेंच असतें. संस्कृतांत धुरा वाहण्यास जो समर्थ त्यासच 'धुर्य' म्हणतात. आमच्या बाजारांतही स्वारीचा चपळ घोडा घेऊन त्यास कोणी भरल्या गाडीस जुंपीत नाहीं.

दुसरें, ओढण्याहून थोपविणें कठीण. पुण्याहून येतांना संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरी घाट व चांदवडपुढें राहुड घाट लागतो. उतारावर मागील ओझें मोटारीस पुढें लोटतें. वेग दुप्पट झाला कीं गाडी थोपविण्याचें काम चौपट होतें, आणि फार तापलेले ब्रेक पकड सोडूं लागतात. म्हणूनच युरोपांत ७५० किलोंहून जड ट्रेलरास स्वतःचे ब्रेक असावे लागतात.

तिसरें, तोल. बैलगाडींत भार मागें गेला कीं ती उलाळ होते, जूं वर उचललें जातें. फार पुढें आला कीं तो बैलांच्या मानेवर पडतो. कॅम्परचेंही तसेंच. एकूण भाराचा सुमारें दहावा हिस्सा जोडावर यावा. कमी पडल्यास ट्रेलर वेगांत झुलूं लागतो. अधिक झाल्यास मोटारीची मागील बाजू दबते, पुढचीं चाकें हलकीं होतात व मोटार वळविणें अवघड जातें.

तेव्हां मोटारीच्या माहितीपुस्तिकेंत ओढण्याच्या भाराची मर्यादा आधीं पाहावी. आपल्याकडील कित्येक लहान मोटारींच्या पुस्तिकेंत ट्रेलर जोडूं नये असेंच छापलेलें असतें. मग प्रश्नच मिटला. मर्यादा दिली असेल तर कॅम्पर सामानासुद्धां वजनकांट्यावर न्यावा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, हें विसरूं नये.

फिरत्या घराची हौसच असेल तर घर व एंजिन एकाच सांगाड्यावर असलेली कॅराव्हॅन भाड्यानें घ्यावी. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं तिच्यासाठीं पर्यटन-धोरणही केलें आहे.

पुतण्यानें पुस्तिका उघडली. तींत नकारच होता. आतां तो नुसती मोटार घेऊन येणार आहे. वहिनींसाठीं ओटीलगतची खोली आम्हीं झाडून ठेविली आहे.