पहिल्या मैफलीचा पहिला सूर: मिरजेचा तानपुरा

गायकाने षड्ज लावण्याआधी मैफलीत बरंच काही घडून गेलेलं असतं. गवसण्यांतून दोन तानपुरे निघतात. कुणीतरी मान तिरकी करून खुंटी पिळत असतं, तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकत असतो, आणि श्रोते अजून ओळखीच्यांना हात करत जागा शोधत असतात. मग दोन्ही तानपुरे एकमेकांत मिसळतात आणि कुणी न सांगता लोक गप्प होतात. रेडिओवर, तबकडीवर, मोबाइलवर गाणं ऐकताना हा भाग आपल्यापर्यंत पोचतच नाही. तिथे तानपुरा मागे कुठेतरी असतो, असून नसल्यासारखा. म्हणून घरी बसून पुष्कळ गाणं ऐकलेल्या माणसालाही पहिल्या प्रत्यक्ष मैफलीत हे नव्याने भेटतं: सूर आपल्या डोळ्यांसमोर, हातांनी, कानांनी तयार केला जातो. आणि महाराष्ट्रातली मैफल असेल, तर तो सूर देणारं वाद्य मिरजेच्या एखाद्या गल्लीत घडलेलं असण्याचा संभव फार मोठा.

माझी पहिली मैफल त्याच गावातली. मिरज हे माझं आजोळ. ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात रात्ररात्र गाणं चालतं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी ही सभा. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. आजोबांनी मला बाजूच्या सतरंजीवर, अगदी मंचाला चिकटून बसवलं. त्यामुळे गायकाच्या आवाजाइतकाच तानपुऱ्याचा आवाज माझ्या कानावर येत होता. राग कोणता होता ते मला आठवत नाही, कळण्याचं ते वयही नव्हतं. आठवतो तो एक प्रसंग. पहिलं गाणं संपलं, दुसरे गायक येऊन बसले, पण त्यांचा तानपुरा काही केल्या बोलेना. त्यांनी खाली नजर टाकली. श्रोत्यांतून एक गृहस्थ उठून मंचावर गेले. त्यांना मी ओळखत होते. आजोबांबरोबर बाजारात जाताना सतारमेकर गल्लीत ते लाकडावर कानस चालवताना रोज दिसायचे. त्यांनी घोडीवरच्या तारेखालचा दोरा बोटाच्या टोकाने किंचित सरकवला, तार छेडली, पुन्हा तसूभर सरकवला. आणि इतका वेळ कोरडा वाटणारा आवाज एकदम भरून आला, जणू मिटलेलं काही उघडलं. गायकाने त्यांच्याकडे पाहून मान डोलावली, त्यांनीही डोलावली आणि ते खाली येऊन बसले. एवढ्या मोठ्या गायकाने गल्लीतल्या माणसाच्या होकाराची वाट पाहिली, याचं मला त्या रात्री फार अप्रूप वाटलं. ते आजही ओसरलेलं नाही.

तलवारीकडून तारेकडे

सतारमेकर हे आडनाव मिरजेत धंद्यावरून आलं. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी, भाले, सुऱ्या यांना धार लावणारे. संस्थानांच्या फौजा आटल्या तसं हत्यारांचं काम कमी झालं. साधारण १८५०च्या सुमारास त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं दुरुस्त करता करता ती घडवायला घेतली आणि पुढच्या पिढ्यांनी तेच काम धरलं. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. गाण्याला तिथे आश्रय होता. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत असत. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले, आणि पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. जिथे गाणारे, तिथे वाद्य घडवणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळतं. त्याहून मोलाचं म्हणजे चूक दाखवणारा कान मिळतो.

असा सर्वांत मोठा कान मिरजेला मिळाला तो किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा. त्यांच्या गाण्याचा सगळा जीव सुरात. एकेका स्वरावर ते इतका वेळ थांबत की मागचा तानपुरा तसूभर उतरला तर गाणंच उघडं पडावं. वाद्यदुरुस्ती त्यांना स्वतःला येत होती, आणि जवारीबद्दल, म्हणजे तार घोडीवर कशी टेकते याबद्दल, ते अतिशय काटेकोर होते. आयुष्याची अखेरची वर्षं त्यांनी मिरजेत काढली. मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती आणि उरुसात ते तिथे गाऊन हजेरी लावत. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत, सिंगपेरुमाळ कोईल स्थानकावर, त्यांचं निधन झालं. देह मिरजेला आणून याच दर्ग्याच्या परिसरात त्यांना दफन केलं गेलं. त्यांच्या शिष्यांनी आणि त्या शिष्यांच्या शिष्यांनी उरुसातली हजेरी चालू ठेवली. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेचाच, १९०५चा. ज्या बाईंनी पुढे प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रियांसाठी जाहीर मैफलीचा रस्ता मोकळा केला, त्यांचं नातं या गावाशी असं जन्माचं आहे.

भोपळा, दांडी, तबली

तानपुऱ्याचं काम शेतात सुरू होतं. त्याला लागणारा भोपळा खाण्याचा नव्हे. कडू, जाड सालीचा, मोठ्या घेराचा हा भोपळा सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. वेलावर वाढतानाच त्याच्या आकाराकडे लक्ष द्यावं लागतं. एका अंगावर पडून राहिला तर तो चपटा होतो, आणि चपट्या भोपळ्याचा तानपुरा कुणी घेत नाही. काढल्यावर तो कित्येक महिने वाळवतात. कारखान्यांच्या माळ्यावर अशा वाळक्या भोपळ्यांच्या रांगा दिसतात. त्यांतला नेमका कोणता कुठल्या वाद्याला लागेल, हे कारागीर टिचकी मारून सांगतात.

वाळलेला भोपळा कापायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, आणि काटक्यांचा टेकू देऊन त्याचं तोंड हव्या त्या गोलाईत पुन्हा वाळू द्यायचं. मग त्यावर तून लाकडाचा गळा बसतो, गळ्यावर पोकळ दांडी, आणि भोपळ्याच्या तोंडावर तबली, म्हणजे किंचित फुगीर अशी पातळ लाकडी फळी. तबलीची जाडी हा सगळा हिशेब. जाड राहिली तर आवाज आत कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने ती बसते. ही जाडी कुणी कागदावर लिहून ठेवत नाही. बाप मुलाचा हात धरून तबलीवर फिरवतो आणि “इथे अजून घे” म्हणतो. शिकवणी ती एवढीच, पण ती वर्षानुवर्षं चालते.

त्यानंतर नक्षी, लाखेचं पॉलिश, खुंट्या, आणि शेवटी चार तारा. तीन पोलादी, एक पितळी. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि चौथी पितळेची खर्जाची. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात पहिली तार मध्यमावर लावतात, मारव्याला निषादावर. खुंटीने तार सुराच्या जवळ न्यायची आणि घोडीच्या मागे तारेत ओवलेला मणी सरकवून नेमक्या जागी बसवायची. पुरुषांचा तानपुरा आकाराने मोठा, साधारण हार्मोनियमच्या काळी एकच्या आसपास लागणारा. बायकांचा लहान, काळी चार किंवा पांढरी पाचला लागणारा.

जवारी

एवढं सगळं झालं तरी वाद्य अजून मुकं असतं. त्याला आवाज मिळतो जवारीने. घोडी सपाट नसते. तिच्या माथ्याला अगदी बेताचा उतार असतो, आणि तार तिच्यावर टेकते न टेकते अशी पसरलेली असते. पूर्वी घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे, आता उंटाच्या हाडाची किंवा कृत्रिम पदार्थाची असते. तार थरथरते तेव्हा त्या उताराला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि मूळ सुरातून वरचे सूर झडू लागतात. दोरा तारेखाली कुठे ठेवावा यावर हे वरचे सूर किती खुलतील ते ठरतं. कानस जरा जास्त फिरली की आवाज पत्र्यासारखा होतो, कमी पडली की मिटलेला राहतो. वाजवून वाजवून तार घोडीत खाचा पाडते, म्हणून जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते. मोठमोठे गायक यासाठी आपली वाद्यं मिरजेला पाठवतात, नाहीतर मिरजेचे कारागीर हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी जातात.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना या आवाजाने चांगलंच ओढून घेतलं होतं. १९२१ साली त्यांनी तानपुरा आणि वीणेवर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वरांचा, म्हणजे त्या वरच्या सुरांचा, निस्पंद बिंदू येतो ते उपस्वर उमटूच नयेत, असा युरोपात ठरून गेलेला नियम होता. तानपुऱ्यात मात्र ते स्पष्ट ऐकू येतात, आणि याचं कारण घोडीचा तो उतार आणि दोरा, हे रामन यांनी दाखवून दिलं. पुढे प्रकाशाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणाऱ्या माणसाने आधी या वाद्याकडे इतक्या बारकाईने कान दिला होता.

गायक ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो याच उपस्वरांत दडलेला आहे. काळी एकचा मधला षड्ज सेकंदाला साधारण १३९ कंपनांचा, खर्ज त्याच्या निम्मा, ६९च्या आसपास. खर्जाच्या तारेतून त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे ३४६ कंपनांचा सूर आपोआप उमटतो, आणि तोच शुद्ध गंधार. गंधाराची तार तानपुऱ्यात नाही, तरीही तो ऐकू येतो. जवारी नीट असेल, खर्ज नीट लागला असेल आणि ऐकणारा जवळ बसला असेल, तर नवख्या कानालाही तो सापडतो. लहान ध्वनिवर्धकातून मात्र खर्जाचा खोल भाग गळून जातो, आणि त्याच्याबरोबर ही सगळी श्रीमंतीही.

आज

गेल्या चाळीसेक वर्षांत इलेक्ट्रॉनिक तानपुरे आले, त्यामागून मोबाइलवरचे. रियाजासाठी त्यांचा उपयोग खरा आहे. भाड्याच्या खोलीत राहून शिकणाऱ्या मुलीला पाच फुटांचं नाजूक वाद्य सांभाळणं अवघड, आणि विमानातून नेणं त्याहून अवघड. म्हणून मिरजेचे कारागीर प्रवासाला सोपे, भोपळ्याऐवजी चपट्या पेटीचे तानपुरेही बनवू लागले. पण घरोघरचा तानपुरा गेला की नव्या वाद्यांची मागणी घटते, आणि मागणी घटली की मुलाचा हात तबलीवर फिरवणारा बाप त्याला दुसरी नोकरी बघायला सांगतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नावाला संरक्षण मिळालं, आणि ते हवंच होतं. हात टिकवण्याचं काम मात्र मानांकनाच्या कागदाने होत नाही. ते गाणाऱ्यांनी, शिकवणाऱ्या संस्थांनी आणि ऐकणाऱ्यांनी करायचं आहे.

शाळेच्या संगीतवर्गात एक खरा तानपुरा असावा. गायनाच्या क्लासात मुलांना राग शिकवण्याआधी तानपुरा लावायला शिकवावं. संयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेवर गायक आणि साथीदारांबरोबर वाद्य घडवणाऱ्याचं, जवारी काढणाऱ्याचंही नाव छापावं. आणि घरातल्या लहान मुलाला पहिल्यांदा मैफलीला नेणार असाल, तर अर्धा तास आधी न्या आणि शक्य तितकं पुढे बसवा. गायक कोण, राग कोणता, हे त्याला पुढे कळत राहील. खुंट्या पिळल्या जात असताना, मणी सरकत असताना, दोन वाद्यं एकमेकांना शोधत असताना तो तिथे हजर असला पाहिजे. सूर मेहनतीने लावावा लागतो, आणि तो लावणारी माणसं आपल्यातलीच असतात, हे त्याला एकदा कळलं की पुढचं सगळं गाणं तो वेगळ्या आदराने ऐकेल.