फुलांसाठी मातीची पात्रे

वाशीम जिल्ह्यातील अनसिंगसारख्या गावी फुलांची वाण नसते. पावसाळ्यात तेरडा, दसऱ्यास झेंडू, थंडीत शेवंती. काही ना काही परसात असतेच. उणीव असते ती पात्राची. पितळी तांब्या किंवा रिकामी बाटली यांतच आपण फुले खोचून ठेवतो. वस्तुतः पात्रास लागणारी माती दाराशी आहे, आणि पोळ्यास मातीचे बैल हाताळणाऱ्या वऱ्हाडातील मुलांस ती परकीही नाही. परंतु बैल वाळला म्हणजे काम संपते; फुलांच्या पात्रास पाणी धरावे लागते. सारी मेख येथेच आहे.

आपल्याकडील काळी माती ज्वालामुखीच्या पाषाणापासून झालेली आहे. ती पाण्याने फुगते व वाळताना आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात शेतास भेगा पडतात. निव्वळ काळ्या मातीचे पात्रही असेच तडकते. याकरिता तळ्याचा किंवा नदीचा गाळ घ्यावा, भिजवून फडक्यातून गाळावा, आणि सुमारे तीन भाग मातीत एक भाग बारीक वाळू घालून कणकेप्रमाणे मळावा. मातीची वळी बोटाभोवती गुंडाळून पाहावी. ती तुटली तर मळणे कमी झाले, हातास चिकटली तर पाणी अधिक झाले असे समजावे.

चाक नसले तरी अडत नाही. प्रथम तळाची चकती थापावी. तिच्यावर वळ्या एकीवर एक रचून सांधे आतून व बाहेरून ओल्या बोटाने मोडावेत. भिंत सर्वत्र सारख्या जाडीची असावी. पात्र सावलीत, ओलसर फडक्याखाली, सावकाश वाळवावे. उन्हात ठेवल्यास बाहेरची बाजू आधी आकसते आणि तडा जातो.

कच्च्या पात्रात पाणी ओतले तर काही वेळात त्याचा चिखल होतो. म्हणून आत काचेची बाटली ठेवून पाणी तिच्यात भरावे. मात्र ओली माती बाटलीवर थापून तशीच वाळवू नये. माती आकसते, काच आकसत नाही. अर्थात मातीच फुटते. बाटलीस कागदाचे तीन-चार वेढे द्यावेत, त्यावर आकार घडवावा, आणि माती किंचित आवळताच बाटली काढून घ्यावी.

पात्र भाजून घेणे सर्वांत उत्तम. सुमारे सहाशे अंश सेंटिग्रेड उष्णतेने मातीच्या अंगचे पाणी निघून जाते व ती पुन्हा चिखल होत नाही. घरच्या चुलीत ही आच सर्वत्र सारखी लागत नाही. तेव्हा जवळच्या कुंभाराच्या आव्यात पात्र ठेवू द्यावे, अशी त्यांस विनंती करावी. पात्र पूर्ण वाळलेले असावे. ओल राहिली तर तिची वाफ होऊन ते फुटते. भाजलेले पात्रही माठाप्रमाणे झिरपते, म्हणून खाली बशी ठेवावी. या झिरपण्यानेच पाणी गार राहते, व गार पाण्यात फुले अधिक टिकतात.

निशिगंधाच्या लांब दांड्यांस अरुंद तोंडाचे उंच पात्र शोभते, झेंडूस पसरट. दांडे तिरपे कापावेत, बुडणारी पाने खुडावीत, पाणी रोज बदलावे.

आपले पहिले पात्र बहुधा वाकडेच होईल. परंतु ते घेऊन आव्यापाशी उभे राहिल्यावर, एका साध्या मडक्यात किती कसब भरलेले असते हे आपणांस कळेल. आणि पुढे बाजारात त्याचे मोल करताना आपण घासाघीस करणार नाही.