खाडीची नाडी कोणी पाहायची?

समजा, रायगड जिल्ह्यातल्या धरमतर खाडीची प्रकृती तपासायची आहे. खाडीत पूर्वीइतकी मासळी उरली आहे का, काठावरची खारफुटी वाढते आहे की घटते आहे, भरतीचे पाणी भातशेतीत का शिरते आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत काय होऊ शकेल, हे सगळे एका अहवालात हवे आहे. हा अहवाल लिहायला तुम्ही कोणाकोणाला बोलवाल?

मासळीसाठी सागरी जीवशास्त्रज्ञ आणि खारफुटीसाठी वनस्पतिशास्त्रज्ञ ही नावे लगेच सुचतील. भरती-ओहोटी आणि गाळ समजावून सांगायला समुद्रवैज्ञानिक हवा, शेतातल्या क्षारांसाठी मृदाशास्त्रज्ञ हवा. मासळी कमी झाली तर कोणाच्या घरात किती पैसे कमी येतात, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागेल. यादी इथे थांबवायची का? डोल जाळे लावणारा कोळी, बांधाची डागडुजी करणारा शेतकरी, ओहोटीला चिखलात उतरून कालवे गोळा करणारी बाई, यांचे काय? त्यांना बोलवायचे असेल तर तज्ज्ञ म्हणून, की नुसते माहिती पुरवणारे म्हणून?

एका खाडीसाठी हा प्रश्न जेवढा अवघड, त्याहून कितीतरी अवघड तो साऱ्या पृथ्वीसाठी आहे. आणि तो खरोखरच विचारला जातो.

मूल्यांकन म्हणजे काय?

जैवविविधता आणि परिसंस्था यांच्या स्थितीचा आढावा घेण्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये पनामा सिटी येथे देशोदेशींच्या सरकारांनी मिळून एक मंच स्थापन केला. त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आयपीबीईएस. कार्यालय जर्मनीत बॉन येथे आहे. भारत या मंचाचा सदस्य आहे. हवामानबदलाच्या बाबतीत १९८८ पासून आयपीसीसी ही संस्था जे काम करते, त्याच धर्तीचे काम हा मंच सजीवसृष्टीच्या बाबतीत करतो. त्याआधी २००१ ते २००५ या काळात ‘सहस्रक परिसंस्था मूल्यांकन’ झाले होते. त्यात तेराशेहून अधिक तज्ज्ञांनी भाग घेतला होता.

मूल्यांकन आणि संशोधन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मूल्यांकन करणारे तज्ज्ञ नवे प्रयोग करत नाहीत, जाळी टाकून मासे मोजत नाहीत. एखाद्या विषयावर आजवर जे लिहिले गेले आहे, ते ते वाचतात, पारखतात आणि त्यातून काय म्हणता येते ते सांगतात. शिवाय प्रत्येक विधानावर किती भरवसा ठेवावा, हेही सांगतात. पुरावा भरपूर आणि एकमतही असेल तर विधान ‘सुप्रस्थापित’. एकमत आहे, पण अभ्यास थोडे असतील तर ‘प्रस्थापित पण अपूर्ण’. अभ्यास अनेक, पण निष्कर्ष परस्परविरोधी असतील तर ‘मतभेद न मिटलेले’. पुरावाही थोडा आणि एकमतही नसेल तर ‘अनिर्णित’. आपल्याला किती कळते हे सांगतानाच किती कळत नाही हेही सांगायचे, ही शिस्त विद्यार्थ्यांनाही शिकवण्यासारखी आहे.

या मंचाचा जागतिक अहवाल मे २०१९ मध्ये पॅरिसच्या बैठकीत मान्य झाला. सुमारे दहा लाख प्राणी-वनस्पतींच्या जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत, हे त्यातले विधान आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. या अहवालासाठी ५० देशांतल्या १४५ तज्ज्ञांनी तीन वर्षे काम केले. आणखी ३१० जणांनी त्यात लेखनसाहाय्य केले. सुमारे १५,००० संदर्भ तपासले गेले.

तज्ज्ञ निवडतात कसे?

एवढ्या मोठ्या कामासाठी माणसे कशी निवडत असतील? नवे मूल्यांकन ठरले की मंच नामनिर्देशन मागवतो. कोणालाही स्वतःचे नाव परस्पर देता येत नाही. ते सदस्य सरकारने किंवा एखाद्या संबंधित संस्थेने सुचवावे लागते. सुचवलेल्या नावांची छाननी एक बहुविद्याशाखीय तज्ज्ञमंडळ करते. या मंडळात २५ जण असतात. संयुक्त राष्ट्रांनी जगाचे जे पाच विभाग मानले आहेत, त्या प्रत्येकातून पाच. म्हणजे निवडणाऱ्यांमध्येच सगळ्या खंडांची माणसे असतील, अशी सोय केलेली आहे.

निवडताना आधी विषयातला अधिकार पाहिला जातो. मग गटाचा समतोल पाहतात: सगळ्या विभागांतले लोक आहेत का, स्त्रिया पुरेशा आहेत का, निसर्गविज्ञानाबरोबर समाजविज्ञानाची माणसे आहेत का, आणि स्थानिक व आदिवासी समाजांच्या ज्ञानपरंपरा जाणणारे कोणी आहे का. संस्थांनी सुचवलेल्या नावांतून एकंदर २० टक्क्यांपर्यंतच जागा भरायच्या, बाकीच्या सरकारांनी सुचवलेल्या नावांतून, असा नियम आहे. निवडलेल्यांना हितसंबंध जाहीर करावे लागतात. एखाद्या जागेसाठी योग्य माणूस मिळालाच नाही, तर पुन्हा शोध घेतला जातो.

मग कामाची वाटणी होते. सहअध्यक्ष साऱ्या अहवालाची जबाबदारी घेतात, समन्वयक लेखक एकेक प्रकरण सांभाळतात, मुख्य लेखक त्यातले भाग लिहितात. तरुण संशोधकांना शिकता शिकता काम करण्यासाठी वेगळ्या जागा असतात. मसुदा बाहेरच्या तज्ज्ञांकडे तपासणीला जातो. आलेल्या प्रत्येक शेऱ्याची दखल घेतली गेली की नाही, हे पाहायला परीक्षण-संपादक असतात. आपल्या उत्तरपत्रिकांच्या नियामकासारखेच हे काम. शेवटी धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारांचे प्रतिनिधी ओळीओळीने वाचून मान्य करतात.

या सगळ्या कामाला वेतन नाही.

एक खाडी, दोन उत्तरे

इतका समतोल कशासाठी? सरळ सर्वांत हुशार दहा जीवशास्त्रज्ञ बोलवले तर काय बिघडेल? उत्तरासाठी पुन्हा खाडीकाठी येऊ.

पेण आणि अलिबाग तालुक्यांत खाडीलगत खारजमिनी आहेत. समुद्राचे पाणी अडवण्यासाठी मातीचे बांध घालून ही शेती पिढ्यान्‌पिढ्या राखली गेली. बांधाला उघाड्या असतात. ओहोटीच्या वेळी उघाडीतून शेतातले पावसाचे पाणी बाहेर पडते आणि भरतीच्या वेळी तिची झडप बंद होऊन खारे पाणी बाहेरच राहते. या जमिनीत खारेपणा सोसणारे ‘राता’ जातीचे भात पूर्वापार घेतले जाई. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २ आणि ३ या जाती तयार केल्या.

आता असा बांध फुटला आणि वेळेवर दुरुस्त झाला नाही तर? भरतीचे पाणी शेतात येऊ लागते. पाण्याबरोबर तिवराच्या तरंगत्या बिया येतात आणि चिखलात रुजतात. थोड्याच वर्षांत जिथे भात होते तिथे खारफुटीचे रान उभे राहते. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातली खारफुटी तोडण्यास मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ती मनाई पक्की झाली. खारफुटी किनाऱ्याची धूप आणि लाटांचा जोर कमी करते, मासे आणि कोळंबी यांच्या पिलांना आसरा देते, चिखलात कार्बन साठवते. तेव्हा ही मनाई आवश्यकच होती. पण ज्याच्या शेतात खारफुटी आली, त्याला ती जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे कठीण झाले.

उपग्रहाचे चित्र वाचणारा तज्ज्ञ म्हणेल, हिरवा पट्टा वाढला, परिसंस्था सुधारली. शेतकरी म्हणेल, माझे शेत गेले. मच्छीमार कदाचित आणखी तिसरेच सांगेल. यातला कोणी खोटे बोलत नाही. पण अहवाल लिहिणाऱ्यांत पहिलाच बसलेला असेल, तर अहवालात ‘खारफुटीत वाढ’ एवढीच नोंद होईल. बांध का फुटला, तो दुरुस्त करण्याची गावाची जुनी पद्धत का मोडली, हे प्रश्न विचारलेच जाणार नाहीत. उत्तर चुकले तर ते पुढे सुधारता येते. न विचारलेला प्रश्न मात्र हरवून जातो. तज्ज्ञांच्या निवडीला महत्त्व आहे ते यासाठी.

कोण राहून जाते?

नियम चांगले असले तरी सगळ्या जागा सारख्या सहजपणे भरत नाहीत. निसर्गवैज्ञानिकांच्या मानाने समाजवैज्ञानिक कमी मिळतात. श्रीमंत देशांतल्या संशोधकाच्या संस्थेत असे काम त्याच्या कर्तव्याचा भाग समजले जाते. आपल्याकडच्या महाविद्यालयात तास, परीक्षा आणि प्रवेश सांभाळून तीन-चार वर्षे विनावेतन लेखन करायचे, तर वेळ आणायचा कोठून? विकसनशील देशांतल्या तज्ज्ञांचा प्रवासखर्च मंच देतो, पण वेळ कोणी देऊ शकत नाही.

दुसरी अडचण भाषेची. मूल्यांकन लिहिलेल्या मजकुरावर चालते आणि त्यातला बहुतेक मजकूर इंग्रजीत असतो. रायगडच्या कोळ्याला कोणत्या उधाणाला कोठे कोणती मासळी मिळते हे ठाऊक असते. पण ते कोठे छापलेले नसते. या ज्ञानासाठी मंचाने स्थानिक समाजांच्या प्रतिनिधींबरोबर संवादसभा घेण्याची पद्धत सुरू केली आहे. तरीही जे कोणीच नोंदवले नाही, ते बॉनपर्यंत पोचणार कसे?

नोंदीचे बळ किती असते, याचे उत्तम उदाहरण याच किनाऱ्यावरचे आहे. १९३० साली सलीम अली किहीमला राहत होते. त्या वेळी त्यांच्याजवळ ना नोकरी होती, ना डॉक्टरेट. घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीचे त्यांनी पावसाळाभर बारकाईने निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे विणायला घेतो, हे त्यांच्या ध्यानात आले. १९३१ मध्ये त्यांनी हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जगभरच्या पक्षितज्ज्ञांना ते उपलब्ध झाले. सुगरणीची घरटी किहीमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली होती. तारीखवार नोंद झाली आणि ती इतरांना तपासता आली, म्हणून त्या पाहण्याचे विज्ञान झाले.

शाळेत काय करता येईल?

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांच्या सहभागातून तयार केलेली जैवविविधता नोंदवही असावी लागते. अशा नोंदवह्यांच्या कल्पनेचा माधव गाडगीळ यांनी मोठा पुरस्कार केला. आपल्या गावची नोंदवही मुलांना घेऊन जरूर पाहावी. तिच्यात काय आहे आणि काय राहून गेले आहे, हे मुले चटकन सांगतील. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धनच्या एखाद्या वाडीत किती पोफळी उरल्या, नव्या किती लावल्या, अशा नोंदी मुले सहज करू शकतात.

वर्गात मूल्यांकनाचा खेळही घेता येईल. गावातली एक खाडी, ओढा किंवा तळे निवडा. आधी सगळ्या वर्गाने ठरवावे की तज्ज्ञमंडळात कोण कोण हवे आणि का. पाचच जागा ठेवा, म्हणजे खरी चर्चा होईल. मग मुलांनी त्या माणसांना भेटून उत्तरे लिहून आणावीत. कोणी, केव्हा, कशावरून सांगितले तेही लिहावे. शेवटी प्रत्येक विधानावर वर दिलेल्या चारपैकी एक शिक्का मारावा. ‘अनिर्णित’चे शिक्के पुष्कळ पडले तर मुलांना हिरमुसू देऊ नका. पुढच्या वर्षी काय शोधायचे, त्याची ती यादी आहे.

एक शेवटचा प्रश्न मुलांनाच विचारावा: ज्यांना बोलावले नाही, त्यांना काय सांगायचे होते? याचे उत्तर आणायला पुन्हा गावात जावे लागेल. आम्हा संशोधकांनाही तेच करावे लागते.